होडीतली उशी

सगळ्यांना जय ख्रिस्त. पाळकसाहेबांनी मला विषय दिला तो 'अनपेक्षित संकटांत ख्रिस्ती शांती' असा. शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यामुळे कुणी विषय दिला की मी आधी त्यातले शब्द तपासते. यातला 'अनपेक्षित' मला अडला. बायबलातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, त्रेचाळिसाव्या अध्यायात देव म्हणतो, "तू जलांतून चालशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन, नद्यांतून जाशील तेव्हा त्या तुला बुडवणार नाहीत." इथे 'जर' कुठेच नाही, 'तेव्हा' आहे. पाणी येणारच, हे धरूनच देव बोलतो. ज्यांना हे सांगितलं ते लोक यरुशलेम गमावून बाबेलात बंदिवासात होते. त्यांच्या डोक्यावरून पाणी कधीच गेलेलं होतं. येशूचा शिष्य पेत्रही आपल्या पत्रात हेच लिहितो, की अग्निपरीक्षा आली तर काहीतरी नवल घडलं असं मानू नका. तरी आपल्याला दर वेळी नवल वाटतं. मलाही वाटलं.

तुमच्यापैकी पुष्कळांना २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवत असेल. आपल्या नागपुरात रात्रभर पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. आमचं घर नदीपासून फार लांब नाही, आणि आम्ही तळमजल्यावर. ह्यांना अर्धांगाचा झटका येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. उजवी बाजू गेलेली, बोलणं तुटक. लाइट गेले म्हणून मला जाग आली. मी पाय खाली टाकला तो थेट पाण्यात. अंधारात पहिल्यांदा कळेचना की हे काय आहे. मग स्वयंपाकघरातून भांडी एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला.

दारावर थापा पडल्या. दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा होता. "काकू, दार उघडा! काकांना वरते नेतो. पाणी वाढून राह्यलं." त्याच्या मागे आणखी तिघं. त्यांनी ह्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, खुर्ची चौघांनी उचलली, आणि वळणावळणाच्या जिन्याने वर नेलं. मी औषधांचा डबा घेतला. कपाटाच्या खालच्या कप्प्यात सासऱ्यांच्या वेळचं शास्त्र, म्हणजे बायबल, होतं. कुटुंबातले सगळे जन्म, बाप्तिस्मे, लग्नं आणि मरणं त्याच्या पहिल्या पानांवर लिहिलेली. ते घ्यायचं मला सुचलं नाही. खोटं कशाला सांगू? त्या घटकेला मला रक्तदाबाच्या गोळ्या आठवल्या, देवाचं वचन आठवलं नाही.

वरच्या घरी महालक्ष्म्या बसलेल्या. आदल्या दिवशीच त्यांचं जेवण झालं होतं. मखर, भरजरी साड्या, समोर फराळाची ताटं. त्या घरच्या वहिनींनी मखराच्या बाजूला गादी टाकली, ह्यांच्या डोक्याखाली उशी दिली, मला कालची पुरणपोळी आणि आंबील दिलं. आणि हे झोपले. दहा मिनिटांत, अगदी गाढ.

मी जिन्याच्या तोंडाशी बसून मोबाइलच्या उजेडात पायऱ्या मोजत होते. चौथी गेली. पाचवी गेली. खाली आमचा फ्रीज तरंगून दाराला धडका देत होता, एकेक धडक ऐकू येत होती. आणि मागे वळून पाहिलं तर हे घोरत होते. मला इतका राग आला! मनात आलं, मी इथे बुडतेय आणि तुम्ही झोपता? तो राग नवऱ्यावर होता की देवावर, ते मला आजही नीट वेगळं करता येत नाही.

मार्काच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात, येशू आणि शिष्य होडीत असताना आलेल्या वादळाची गोष्ट मी संडे स्कूलमध्ये कितीदा सांगितली असेल. पण ती उशी मला त्या रात्री पहिल्यांदा दिसली. गालील समुद्र म्हणजे खरं तर गोड्या पाण्याचं सरोवर, समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरहून खाली, भोवती डोंगर. वरचा गार वारा एकाएकी खाली उतरतो आणि बघता बघता लाटा उसळतात. होडीतले काही जण त्याच पाण्यावर मासे धरून मोठे झालेले, म्हणजे ते उगाच घाबरले नव्हते. आणि येशू वरामावर, म्हणजे होडीच्या मागच्या भागात, "उशास उशी घेऊन झोपी गेला होता." ही गोष्ट मत्तय सांगतो, लूकही सांगतो, पण उशी एकट्या मार्काने टिपली आहे. ज्या कुणी मार्काला हे सांगितलं असेल, त्याच्या मनात ती उशी सलत राहिली असणार, असं मला वाटतं. आपण पाणी उपसतोय आणि ह्याच्या डोक्याखाली उशी!

ते त्याला उठवून काय म्हणतात? "गुरुजी, आपण बुडतो ह्याची आपणाला काळजी नाही काय?" ह्याला प्रार्थना म्हणायचं का? मी म्हणेन, हो. त्यात स्तुती नाही, उपकारस्मरण नाही, 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' नाही. सरळ तक्रार आहे. पण ती त्याच्याच तोंडावर केलेली आहे. मार्काचा क्रमही लक्षात घ्या. आधी तो वाऱ्याला धमकावतो, समुद्राला म्हणतो, "उगा राहा, शांत हो." आणि मगच शिष्यांकडे वळून विचारतो, तुम्ही असे भित्रे कसे? मत्तयाने हा क्रम उलटा दिला आहे. मला मार्काचा जवळचा वाटतो. आधी हात दिला, मग रागावला. आई असंच करते.

आता एक अवघड गोष्ट. माझ्या तोंडी आलेलं पाणी सातव्या पायरीवर थांबलं, ओसरलं. सगळ्यांचं थांबत नाही. त्या पहाटे आपल्याच गावात माणसं गेली. म्हणून "नद्या तुला बुडवणार नाहीत" हे वचन मी सहज उच्चारू शकत नाही. आणि नागपूरच्या ख्रिस्ती माणसाने तर ते उच्चारताना टाकळघाट आठवावं.

हिस्लॉप कॉलेजचं नाव आपल्या ऑटोवाल्यालाही माहीत आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ते १८८३ मध्ये उभं राहिलं, ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून मिशनरी म्हणून नागपूरला आले. इथे शाळा काढली, गोंड लोकांची भाषा आणि गाणी टिपून घेतली, विदर्भातले खडक आणि जीवाश्म अभ्यासले. १८६३ च्या सप्टेंबरात ते बुटीबोरीकडच्या टाकळघाटला तिथली प्राचीन शिळावर्तुळं पाहायला गेले होते. ४ सप्टेंबरला संध्याकाळी घोड्यावरून परतताना वाटेतला नाला पावसाने फुगलेला होता. त्यात ते बुडाले. चार दिवसांनी त्यांना ४६ वर्षं पूर्ण झाली असती.

मग ते वचन कुठे गेलं? देवाच्या कामासाठी घरदार सोडून आलेल्या माणसाला नदीने बुडवलंच ना? पुढे १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी हिस्लॉप यांचे आदिवासींविषयीचे कागद संपादून प्रसिद्ध केले, पुढे कॉलेज झालं, हजारो मुलं शिकली. पण हे मी उत्तर म्हणून पुढे करत नाही. त्या रात्री त्यांच्या बायकोला कॉलेजचं काय? मरणाच्या बदल्यात काहीतरी चांगलं झालं असा हिशोब मांडून दाखवणं मला दुःखी माणसाशी निष्ठुरपणाचं वाटतं, आणि आपल्या मंडळ्यांमध्ये तो हिशोब फार लवकर मांडला जातो.

मी वचनाचा पहिला अर्धा भाग धरते. "मी तुझ्याबरोबर असेन." हा शब्द देणारा स्वतः काठावर उभा राहिला असता तर मला त्याचं ऐकवलं नसतं. पण वल्हांडणाच्या त्या शेवटच्या रात्री काय झालं पाहा. जेवताना येशू म्हणतो, "मी आपली शांती तुम्हांला देतो, जसे जग देते तसे मी तुम्हांला देत नाही." आणि थोड्याच वेळाने गेथशेमाने बागेत तोच म्हणतो, "माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे." तीच रात्र, तोच माणूस. ज्याने शांती वाटली तो त्याच रात्री जमिनीवर पडून प्रार्थना करत होता की हा प्याला टळावा. तेव्हा रडू येतं म्हणजे आपला विश्वास कमी, असं कुणी तुम्हाला म्हटलं तर मनावर घेऊ नका. आपला मित्र लाजर याच्या थडग्यापाशी येशूही रडला. आणि त्याच्यावरून मात्र पाणी खरोखर गेलं, मरणाचं पाणी. तिसऱ्या दिवशी तो उठला, हा आपला विश्वास आहे. हिस्लॉप यांच्यासाठी माझ्याकडे आहे ते एवढंच, आणि मला ते पुरतं.

पाणी ओसरल्यावर घरात वीतभर गाळ होता. तो वास महिनाभर गेला नाही. शास्त्र फुगून दुप्पट झालं होतं. मी रोज पंख्याखाली बसून एकेक पान सोडवायची, मध्ये वर्तमानपत्राचा तुकडा घालायची. सासऱ्यांच्या शाईतली कितीतरी नावं वाहून गेली होती. एका बाळाच्या बाप्तिस्म्याची तारीख उरली, बाळाचं नाव नाही.

भेटायला येणारे येत होते. कुणी म्हणे, ही प्रभूची परीक्षा. कुणी म्हणे, यातही त्याची योजना असेल. सगळे प्रेमाने बोलत होते, हे मला माहीत आहे. पण शास्त्रातल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र आठवा. आले तेव्हा ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले, आणि एक शब्दही बोलले नाहीत. ते तोंड उघडेपर्यंत किती चांगले मित्र होते! मला खरा आधार दिला तो आमच्या भगिनी मंडळातल्या एका बाईंनी. त्या आल्या, पदर खोचला, खराट्याने गाळ ओढला, चहा घेतला आणि गेल्या.

पानं सोडवताना अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र हाती लागलं. बाकीची विलापाची स्तोत्रं बहुधा शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही. अंधारातच संपतं. तरीही ते शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. म्हणजे असं बोललेलंही देव ऐकतो. त्या दिवशी मी पहिल्यांदा मोठ्याने रडले, आणि रात्री झोप लागली.

पंडिता रमाबाईंविषयी तुम्ही ऐकलं आहे. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ, मग लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, एकुलती एक लेक, रमाबाईंनी निराधार बायकांसाठी काढलेल्या मुक्तिसदनाचा पुढचा आधार. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. मधल्या त्या आठ-नऊ महिन्यांत मी मनाने पुष्कळदा जाते. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत शास्त्र आणण्याचं काम त्यांनी हाती घेतलं होतं, ते सोडलं नाही. त्या टेबलाशी बसलेल्या आईच्या मनात काय चाललं असेल ते मी सांगू शकत नाही. पण 'शालोम' हा हिब्रू शब्द त्यांच्या हाताखालून कितीदा गेला असेल. आपण त्याचं 'शांती' करतो. त्याच्या मुळाशी 'पुरं असणं' आहे, काही उणं नसणं.

हे जानेवारीत गेले. पुरामुळे नाही, दुसरा झटका आला. शेवटचे दोन दिवस बोलणं पूर्ण बंद होतं. मी उशाशी बसून तेविसावं स्तोत्र म्हणत होते. "मृत्युच्छायेच्या दरीतूनही"पर्यंत आले आणि पुढचं आठवेना. पंचावन्न वर्षं पाठ असलेलं स्तोत्र! ह्यांनी डाव्या हाताने माझं बोट दाबलं. मग आठवलं, "कारण तू माझ्याबरोबर आहेस." मी त्यांना म्हणत होते की देवाला, पुन्हा तेच, वेगळं करता आलं नाही. या वेळी राग नव्हता.

त्यांची तारीख मी त्याच शास्त्रात लिहिली. भिजून वाळलेला कागद खरखरीत झालाय, पेनाची शाई पसरते. अक्षर नीट आलं नाही, पण वाचता येतं.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर वरचा तो मुलगा येऊन विचारून गेला, "काकू, कपाट वरते नेऊन ठेवू का? पलंगही नेतो." मी म्हटलं, कपाट ने बाबा, त्यात शास्त्र आहे. पलंग आणि उशी राहू दे खालीच.