काठ, पदर आणि चार शाया

श्रोतेहो, नमस्कार.

रंगांवर बोलायला बोलावलंय, तेही रेडिओवर. म्हणजे तुम्हाला एकही रंग दाखवायची सोय नाही. पण मी नुसतं ‘आमसुली’ म्हटलं की तो तुमच्यासमोर उभा राहिलाच असणार. कुणाला आजीचं लुगडंही आठवलं असेल. मोरपंखी, अबोली, डाळिंबी, कोनफळी, शेवाळी, विटकरी... ही रंगपेटी घरोघर आहे आणि तिला वीज लागत नाही.

मी पुस्तकांची मुखपृष्ठं आणि दिवाळी अंकांची चित्रं करते. संगणकाच्या पडद्यावर १ कोटी ६७ लाख रंग हाताशी असतात, आणि तीच तर पंचाईत आहे. तिथं रंग निवडायला बसलं की दुपारची संध्याकाळ होते. म्हणून मी आधी वहीत नावं लिहिते, मराठीत. पाच नावं. सहावं सुचलं तर आधीच्यातलं एक खोडायचं, हा माझा नियम. तो मी मोडतेही, पण मोडला की बहुतेक वेळा चित्र बिघडतं.

नुसती नावं ठरवून भागत नाही. कुठला रंग किती, हे त्याहून महत्त्वाचं. हे मला शाळा-कॉलेजात कळलं नाही, दादरला साडीच्या दुकानात कळलं. गादीवर बसून आईची खरेदी संपायची वाट बघत होते. दुकानदार इरकल उलगडत होता. गडद अंग, बारीक काठ आणि लाल पदर. तोच लाल साडीभर असता तर आईनं हातही लावला नसता. अंगाला एक रंग भरपूर, काठाला दुसरा थोडाच, पदराला तिसरा ठसठशीत. आजही नवं चित्र घेतलं की मी स्वतःला विचारते, यातलं अंग कुठलं, काठ कुठला, पदर कुठला? तीन पदर असलेली साडी कुणी नेसत नाही, पण तीन पदर असलेली पोस्टरं मुंबईभर लागलेली असतात.

आता एक सोपी परीक्षा. चित्राचा फोनवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. आपली काळी-पिवळी टॅक्सी या परीक्षेत कधी नापास होणार नाही. काळ्या अंगावर पिवळं टप, रंग काढून घेतले तरी वेगळंच दिसतं. पण शेवाळी पार्श्वभूमीवर विटकरी अक्षरं घालून बघा. रंगीत असताना छान वाटतात, फोटोत मात्र अक्षरं गायब. दोन्ही रंग सारखेच गडद, म्हणून असं होतं. शीर्षक लोकलच्या दारातून, पुढे जाता जाता वाचलं जाणार असेल, तर ही परीक्षा आधी घ्यावी.

रंगाला शेजारही बाधतो. पॅरिसमध्ये गोब्लँ नावाचा राजेशाही गालिचे विणायचा कारखाना होता. तिथल्या रंगाईखात्याचा प्रमुख शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ. त्याच्याकडे तक्रार आली की काळा धागा फिका पडतोय. त्यानं तपासलं तर काळ्यात खोट नव्हती. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी तो फिका भासत होता. त्यातून १८३९ साली त्याचा मोठा ग्रंथ आला. एकेक रंग सुटा बघून निवडणं व्यर्थ, हे आपल्या बायका ब्लाउजपीस साडीवर ठेवून बघतात तेव्हा सांगतच असतात, ग्रंथ न लिहिता.

इथपर्यंत सगळं घरच्या टेबलावर चालतं. खरी गंमत छापखान्यात. राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस काढला, तेव्हा प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागायचा, त्यामुळे रंग मोजून वापरणं भागच होतं. आता दगड गेले, प्लेटा आल्या, आणि शाया उरल्या चारच: निळी, मजेंटा म्हणजे राणीसारखी लालसर गुलाबी, पिवळी, काळी. माझी मोरपंखी काय नि डाळिंबी काय, सगळं या चौघींनी बारीक ठिपक्यांत वाटून घ्यायचं. भिंग लावून बघा, ठिपक्यांची फुलंच फुलं दिसतील.

पण पडद्यावरचा रंग हा उजेड असतो आणि कागदावरचा रंग शाई. पडद्यावरचा झगमगता पोपटी, भडक केशरी या चार शायांत उतरतच नाही. सुरुवातीच्या काळात एका अंकाच्या मुखपृष्ठावर मी कोजागिरीचं गर्द निळं आकाश काढलं होतं. छापून आलं ते वांग्याच्या रंगाचं. चूक छापखान्याची नव्हती, माझीच. निळ्याइतकीच मजेंटा भरून ठेवली होती. मशीनवरचे काका म्हणाले, “ताई, निळ्यात एवढी लाल घातलीत तर जांभळंच येणार की!” तेव्हापासून निळं ठेवायचं असेल तर मजेंटा निळ्या शाईपेक्षा निदान ३० टक्के कमी ठेवते. आणि बारीक मजकूर नुसत्या काळ्या शाईत. चार शाया एकावर एक चढवून काळा केला आणि कागद केसभर सरकला, की प्रत्येक अक्षराला रंगीत सावली फुटते.

कागदही आधीच ठरवून घ्यावा. आर्ट पेपरवर, म्हणजे गुळगुळीत लेप दिलेल्या कागदावर, शाई वर राहते, रंग खुलतो. मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा साधा, बिनलेपाचा कागद, शाई पितो; ठिपके पसरतात, मधल्या छटा काळवंडतात. कथासंग्रह मॅपलिथोवर जाणार असेल तर माझी डाळिंबी मी मुद्दाम थोडी उजळ ठेवते. शिवाय त्या कागदाचा पांढरा निखळ पांढरा नसतो, जरा दुधाळच असतो. माझ्या पाचांत न लिहिलेला तो सहावा रंग.

दिवाळी अंकांची मुखपृष्ठं ऐन पावसाळ्यात मशीनवर चढतात. मागच्या एका ऑगस्टमध्ये लोअर परळच्या गाळ्यात पहिला कागद हातात आला आणि माझा झेंडूचा पिवळा हिरवट दिसला. प्रूफ, म्हणजे आधी मंजूर केलेला छापील नमुना, शेजारी धरलं, तर तेही हिरवट. मी हबकले. मशीन थांबवा म्हणणार, तेवढ्यात काकांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि दाराशी गेले. पाऊस आत येऊ नये म्हणून दारावर निळी ताडपत्री बांधली होती, सगळा उजेड तिच्यातून गाळून येत होता. त्यांनी कोपऱ्यातली काठी घेऊन ताडपत्री वर ढकलली आणि कागद बाहेरच्या उजेडात धरला. दोन-चार थेंब पडले त्यावर.

झेंडू पिवळाच होता. “चालवू?” काकांनी विचारलं.