तीन महिन्यांचं गुपित आणि पोटातलं बाळ

नमस्कार श्रोतेहो.

आपल्याकडे दिवस गेले की तीन महिने कुणाला सांगायचं नाही, असा रिवाज आहे. दृष्ट लागू नये म्हणून म्हणा, किंवा काही कमी-जास्त झालं तर चारचौघांना उत्तरं देत बसायला नको म्हणून म्हणा. शेजारणीला सांगू नका, माझं काही म्हणणं नाही. पण पुष्कळ घरांत हे गुपित डॉक्टरपासून आणि आशाताईपासूनही राखलं जातं, तिथं मात्र मी भांडते. काही विषाणू बाळाचं सगळ्यांत जास्त नुकसान करतात ते याच तीन महिन्यांत. सातव्या महिन्यात आपण हिरवी साडी नेसवू, झोपाळ्यावर बसवू, डोहाळजेवण घालू. तोवर बाळाचं हृदय, डोळे, कान केव्हाच घडून झालेले असतात.

रुबेलाचंच बघा. काही जण त्याला जर्मन गोवर म्हणतात. बाईला बारीक ताप येतो, अंगावर तांबूस पुरळ उठतं, कानामागं गाठी येतात आणि तीन दिवसांत सगळं ओसरतं. कित्येकींना तर कळतही नाही. उन्हानं पुरळ आलं असेल म्हणून ती विड्या वळायला बसते, धुणं धुते, स्वयंपाक करते. सोलापूरच्या उन्हात पुरळ कुणाला येत नाही? इकडे विषाणू रक्तातून वारेत आणि वारेतून बाळात पोचलेला असतो. अवयव घडत असताना तो पेशींची वाढ मंदावतो, बारीक रक्तवाहिन्या खराब करतो. पहिल्या १२ आठवड्यांत रुबेला झाला, तर शंभरातल्या ८५ ते ९० बाळांना त्याची झळ पोचू शकते. २० आठवड्यांनंतर तोच धोका अगदी कमी होतो.

असं बाळ दोन महिन्यांचं झालं की आई सांगत येते, "मॅडम, हे माझ्याकडं बघतच नाही." बॅटरी धरली की डोळ्याच्या बाहुलीत पांढरट झाक दिसते. तो मोतीबिंदू. पाठीमागं स्टीलची ताटली वाजवली तरी बाळ दचकत नाही. छातीला स्टेथोस्कोप लावला तर हृदयाच्या ठोक्यांबरोबर घरघर ऐकू येते. डोळे, कान आणि हृदय, तिन्हींवर एकदमच घाला. आणि आईला विचारावं तर, "नाही हो, मला काहीच झालं नव्हतं."

हा संबंध पहिल्यांदा ओळखला तो ऑस्ट्रेलियातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरनं. नॉर्मन ग्रेग त्यांचं नाव, साल १९४१. जन्मतःच मोतीबिंदू असलेली बाळं एकामागून एक यायला लागली, तेव्हा त्यांनी आयांकडं चौकशी केली. बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला होऊन गेला होता. आपल्याकडे आजही असं बाळ जन्मलं की पहिला प्रश्न असतो, ग्रहणात भाजी चिरली होती का? ग्रहणाचा आणि बाळाच्या व्यंगाचा काही संबंध नाही. त्या बाईला आधीच पुरेसं दुःख झालेलं असतं, वर हा आरोप कशाला?

यावर लस आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांना शाळाशाळांतून लस टोचली. पण त्या वेळी ज्यांनी पंधरावं ओलांडलं होतं, त्या मुली मोहिमेतून सुटल्या, आणि त्यांच्यातल्या अनेकींची लग्नं होऊन आता बाळंतपणं होताहेत. म्हणून लग्नाचा बस्ता बांधायला निघालात की त्याच आठवड्यात मुलीला ही लस दिलीये का, तेही बघा. ही जिवंत विषाणूची लस आहे, गरोदरपणी देत नाहीत. घेतल्यावर महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. दिवस गेल्यावर धावत येऊन उपयोग नसतो.

आता आपल्या शहराचा विषय. सोलापूरला पाणी रोज येत नाही, हे मी तुम्हाला काय सांगायचं! चार-पाच दिवसांनी नळ आला की बॅरल, हौद, घागरी, जे मिळेल ते भरायचं. पुढच्या वेळी तळाशी पाणी शिल्लक असतानाच वरून नवं ओतायचं. एकदा उजेडात त्या बॅरलमध्ये वाकून बघा. पृष्ठभागाला लटकलेल्या बारीक अळ्या दिसतील. धक्का लागला की वळवळत खाली जातात. हा एडिस डास, दिवसा चावणारा. डेंग्यू त्याच्यामुळंच होतो आणि झिकाही. २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळं जन्मायला लागली, ती झिकामुळं. तो आजार लांबच्या देशातला म्हणावा, तर जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यात बेलसरला रुग्ण सापडला आणि २०२४ मध्ये पुण्यात तर गरोदर बायकांनाही लागण झाली. या डासाची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही. आठवड्यातून एकदा आतली कड काथ्यानं घासायची आणि वर घट्ट कापड बांधायचं. हे काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं. आणि एक अवघड गोष्ट: झिका नवऱ्याकडून बायकोलाही होतो. त्याला लागण झाली असेल, तर बाळंतपण होईपर्यंत निरोध वापरायचा.

सीएमव्ही नावाच्या विषाणूची तर कुणाला ओळखच नसते. जन्मतः येणाऱ्या बहिरेपणाचं ते एक मोठं कारण आहे. लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून तो पसरतो. पहिलं लेकरू दोन वर्षांचं, त्यानं टाकलेला भाकरीचा उष्टा तुकडा आई तोंडात टाकते, कारण अन्न वाया घालवायचं नाही. आपल्याकडच्या बहुतेक बायकांना हा संसर्ग लहानपणीच होऊन गेलेला असतो, त्यामुळं घाबरून जाऊ नका. पण तो पुन्हा डोकं वर काढू शकतो, किंवा त्याचाच दुसरा प्रकार होऊ शकतो. दुसऱ्या वेळी दिवस गेले असतील, तर थोरल्याचं उष्टं खायचं नाही, त्याचे ओले कपडे बदलल्यावर साबणानं हात धुवायचे. लस नाही, त्यामुळं एवढंच आपल्या हातात आहे.

शेवटच्या तीन महिन्यांतली एक गोष्ट मात्र जिवावर बेतणारी आहे: पावसाळ्यातली कावीळ. घाण पाण्यातून येणारा हेपॅटायटिस ई एरवी आपोआप बरा होतो. पण शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर बायकांत शंभरातल्या वीस-पंचवीस दगावू शकतात, बाळंही जातात. लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, तर गळ्यात माळ बांधून वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना. आणि पाणी उकळूनच प्या.

हेपॅटायटिस बी आणि एचआयव्हीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, तीही पहिल्याच भेटीत करून घ्या. आईला हेपॅटायटिस बी असला, तर बाळाला जन्मल्यावर १२ तासांच्या आत लस आणि सोबत एक इंजेक्शन दिलं की बहुतेक बाळं या लागणीपासून वाचतात. एचआयव्हीवर आईनं गोळ्या नियमित घेतल्या तर धोका फारच कमी होतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची खास तपासणी असते. पाळी चुकली की आशाताईला सांगून ठेवा.

ताप आला तर पॅरासिटामॉल चालतं. दुकानातून मागून आणलेल्या अंगदुखीच्या इतर गोळ्या नकोत. आणि अंगावर पुरळ असेल तर दवाखान्यात जाण्याआधी फोन करा, म्हणजे तुम्हाला वेगळ्या खोलीत बसवतील. ओपीडीच्या बाकावर तुमच्या शेजारी दुसऱ्या महिन्यातली एखादी बाई बसलेली असेल, आणि तिनं अजून कुणाला सांगितलेलं नसेल.

नमस्कार.