होडीत बसण्याआधी पोपट उतरवा

श्रोतेहो, नमस्कार.

सहल म्हटली की आपण काय करतो? पिशवी काढतो आणि भरत सुटतो. लागेल म्हणून एक वस्तू, लागलीच तर म्हणून दुसरी, आणि कुणीतरी विसरेल म्हणून तिसरी. आज ज्या सहलीबद्दल बोलणार आहे तिची तयारी बरोबर उलटी असते. तिथे पिशवी रिकामी करायची. हे मी आज दोनतीनदा सांगणार आहे, कंटाळू नका. भरायचं नाही, रिकामं करायचं.

सहल शिडाच्या होडीची, मित्रमैत्रिणींबरोबर. समुद्र मात्र संगणकातला. 'सेकंड लाइफ' नावाचं एक आभासी जग आहे, २००३ साली सुरू झालेलं आणि अजून चालू असलेलं. तिथे जिंकायचं-हरायचं काही नसतं. आपण एक अवतार घ्यायचा आणि राहायचं, हिंडायचं. घरं, झाडं, कपडे, होड्या, बहुतेक सगळं तिथल्या लोकांनीच बनवलेलं. आणि त्या जगात समुद्र आहे, चांगला ऐसपैस. 'ब्लेक सी' नावाचा भाग तर शिडाच्या होड्यांसाठीच प्रसिद्ध आहे.

'अवतार' हा शब्द बघा. आपल्या पोथ्यांमधून निघाला, संगणकात शिरला, आणि जगभर फिरून घरी आला. आपल्याकडे मात्र त्याचा एक खास घरगुती अर्थ शिल्लक आहे. दारात कुणी भलत्याच वेषात उभं राहिलं की आई विचारते, "हा काय अवतार?" हा प्रश्न आज आपल्याला लागणार आहे.

तर आमची पहिली सहल. आम्ही चौघं. एक आमचा तांडेल, म्हणजे होडी त्याची आणि मिजासही त्याचीच. दुसरा हिशेबी, त्याने आठ दिवस आधीपासून यादी केलेली. तिसरी आमची मैत्रीण, तिला मी पोपटवाली म्हणते, का ते कळेलच. आणि चौथी मी.

यादी मोठी झकास होती. निघायचा धक्का ठरलेला. त्याचा लँडमार्क सगळ्यांना पाठवलेला, म्हणजे एक टिचकी मारली की थेट तिथे हजर. नकाशावर मार्ग आखलेला. होडीत बसून खायचं म्हणून टोपली, चटई, किटली, सगळं आभासी, पण सगळं जमवलेलं. नाही म्हणायला यादीत एक ओळ कमी होती. अंगावर काय घालायचं नाही, ही.

पोपटवाली धक्क्यावर उगवली आणि आम्ही तिघंही गप्प. डोक्यावर पिसांची टोपी, पिसं वाऱ्यावर हलणारी. कमरेला कंदील, तो लुकलुकतोय. गळ्यात दुर्बीण, ती खरंच चालणारी. दोन्ही हातांत बांगड्या, त्या हात हलवला की वाजणाऱ्या. आणि खांद्यावर पोपट. साधासुधा नव्हे. डोळे मिचकावणारा, मान वळवणारा, आणि कुणी जवळ आलं की त्याचं नाव घेऊन हाक मारणारा पोपट. त्याने तांडेलाला चारदा हाक मारली. तांडेलाने मलाच विचारलं, "हा काय अवतार?"

ती म्हणाली, "समुद्रावर जायचंय ना? मग शोभायला नको?"

आता तिला नाही कोण म्हणणार? माझं एक जुनं मत आहे, विषयाला सोडून आहे, पण सांगतेच. सहलीत सगळ्यात आधी नटून तयार असलेल्या माणसाला कधी दुखवू नये. बाकीचे उशिरा येतात, तोंडं पाडून येतात. ती बिचारी पाऊण तास आधी येऊन उभी होती.

निघालो. तांडेलाने होडी काढली. तिथे होडी धक्क्याला बांधून ठेवलेली नसते, आपल्या सामानाच्या कप्प्यात असते, ती बाहेर काढून पाण्यावर मांडायची. कुठेही मांडता येत नाही, त्यासाठी परवानगी असलेली जागा लागते, तीही आधी शोधून ठेवायची. आम्ही एकेक जण होडीवर टिचकी मारून बसलो. तांडेलाने 'रेज' असा शब्द लिहिला, पुष्कळ होड्यांना तोच कळतो, आणि शीड सरसर वर चढलं. माझ्याकडे भर दुपार होती. पोपटवालीने आपल्या पडद्यावर सूर्यास्त लावून ठेवला होता, तिथे ज्याचा त्याला सूर्य लावता येतो. म्हणजे एकाच होडीत मी उन्हात आणि ती संध्याकाळी. ती म्हणे, "पाणी कसं केशरी झालंय!" आणि मी निळ्या पाण्याकडे बघत, "हो ना, हो ना."

अर्धं मिनिट बरं गेलं. मग होडीने पहिली हद्द ओलांडली.

इथे थांबते, कारण ही हद्द समजली नाही तर पुढची मजा कळणार नाही. ते जग एकसंध दिसतं, पण तुकड्यांचं आहे. तुकड्याला रिजन म्हणतात. प्रत्येक रिजन २५६ मीटर लांब आणि २५६ मीटर रुंद. सेकंदाला ८ मीटर वेगाने होडी चालली तर ३२ सेकंदांत एक रिजन संपतो. आणि प्रत्येक रिजन चालवणारा प्रोग्रॅम वेगळा. हद्द ओलांडताना होडी, होडीतली माणसं, आणि त्या माणसांच्या अंगावरची एकूणएक वस्तू एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या हवाली करायची असते. साधी चप्पल असेल तर कठीण नाही. पण लुकलुकणारा कंदील, वाजणारी बांगडी, हाक मारणारा पोपट, यांच्यात स्क्रिप्ट असतात, म्हणजे सतत चालू असलेल्या छोट्या सूचना. त्या चालत्या स्थितीत उचलून पलीकडे न्यायच्या. दर अर्ध्या मिनिटाला बिऱ्हाड हलवण्यासारखं. ज्याचं सामान जास्त, त्याचा टेम्पो मागे राहणार.

पहिल्या हद्दीला होडीने आचका दिला. दुसऱ्या हद्दीला आम्ही सगळे दोन सेकंद थिजलो. तांडेल म्हणाला, "काही नाही, होतं असं." तिसऱ्या वेळी त्याने वळण घेतलं ते नेमकं कोपऱ्यावर, जिथे चार रिजन एकमेकांना भेटतात. तिथून तिरकं गेलं की एका मागोमाग दोन हद्दी येतात. पहिली हवाली पुरी होते न होते तोच दुसरी. म्हणून पुन्हा सांगते, मार्ग आखताना कोपरे टाळा. हद्द ओलांडायची तर मधोमध, सरळ, आणि वेग जरा कमी करून.

आम्ही कोपऱ्यावरून गेलो. मला दिसलं ते असं. होडी नाहीशी. शीड नाही, सुकाणू नाही, चटई नाही. तांडेल आणि हिशेबी बसलेल्या अवस्थेत, मांडीखाली काहीही नसताना, पाण्यावरून सुसाट आकाशाकडे चाललेत. हिशेबीच्या हातात किटली तशीच. आणि पोपटवालीची जागा रिकामी.

नशीब, बोलण्यासाठी आम्ही गटाचा कॉल लावला होता. जवळच्या माणसाचा आवाज ऐकवणारी सोय वेगळी असते, ती हद्द ओलांडताना तुटते. गटाचा कॉल कुठेही चालू राहतो. तेव्हा हेही तयारीतच धरा: निघण्याआधी गटाचा कॉल.

त्या कॉलवर तिचा आवाज आला, अगदी शांत. "मी चालतेय."

"कुठे चालतेयस?"

"खाली. तळावर."

तिथे माणूस बुडत नाही. पाण्यात पडलं की हळूहळू तळाला जाऊन टेकतो आणि उभा राहतो, चालायलाही लागतो. ती टोपी, कंदील, बांगड्या आणि पोपट घेऊन समुद्राच्या तळावरून हिंडत होती. कंदील आता खरा उपयोगी पडत होता, हे तिने आम्हाला आवर्जून ऐकवलं. मग म्हणाली, "अरे, इथे टेबल आहे. आणि चार खुर्च्या."

तोवर आम्हा तिघांचं काय झालं ते थोडक्यात सांगते. मी आणि हिशेबी जगातून बाहेर फेकलो गेलो आणि पुन्हा आत आलो. तांडेल त्याच्या सामानात होडी शोधत होता. हरवलेल्या वस्तूंचा एक कप्पा असतो, होडी तिथे घडी होऊन परत आली होती, पण हा माणूस आधी समुद्रभर शोधत बसला. तांडेल लोकांचं हे असंच. सामानात बघा म्हटलं तर त्यांना अपमान वाटतो. माझ्या घरात गाडीची किल्ली शोधतानाही हेच चालतं, असो.

पोपटवालीने आम्हाला तळावर बोलावणं पाठवलं, आम्ही हो म्हटलं आणि थेट तिच्यासमोर उतरलो. चौघं चार खुर्च्यांवर. हिशेबीने चटई काढली, टोपली मांडली. वरून केशरी की निळा, ज्याचा त्याचा उजेड येत होता.

गोष्ट अजून बाकी आहे, पण घड्याळ मला खुणावतंय, तेव्हा तयारीचं राहिलेलं भराभर सांगते. निघण्याआधी अंगावरची स्क्रिप्टवाली वस्तू काढा. चालण्याउठण्याच्या ढबी बदलणारी जोडणी बंद करा, नाहीतर होडीत बसलेला माणूस मधेच उभा राहतो. लांबचं किती दिसावं ते अंतर कमी ठेवा, संगणकावरचा भार हलका होतो. नव्या होडीची फेरी आधी एकट्याने मारा. वारा होडीचा स्वतःचा की त्या जगाचा, हे तांडेलाला विचारून ठेवा. आणि वेळ. तिथलं घड्याळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचं आहे. ते मार्चमध्ये एक तास पुढे जातं, नोव्हेंबरमध्ये मागे. आपलं घड्याळ हलत नसेल तर त्या आठवड्यात मित्र तासभर चुकणार. म्हणून वेळ सांगताना कुणाच्या घड्याळाची, तेही सांगा. आणि पुन्हा एकदा, श्रोतेहो: भरायचं नाही, रिकामं करायचं.

तर आम्ही तळावर बसलो होतो. तेवढ्यात वरून एक माणूस सावकाश उतरत आला, कोटबीट घालून. आम्हाला वाटलं, आता हाकलणार. कारण तो रिजन त्याचा होता, आणि तिथे ज्याची जागा त्याने नुसतं ठरवलं तरी पाहुणा बाहेर जातो. हिशेबी टोपली आवरायला लागला. पोपटाने त्या माणसाला नावाने हाक मारली.

तो म्हणाला, "टेबल मी मांडलंय. बऱ्याच दिवसांपासून आहे. अजून कुणी बसलं नव्हतं."

आम्ही सरकून त्याला जागा केली, पण खुर्च्या चारच. तो उभाच राहिला. तेव्हा आमच्या तांडेलाला एकदम पाहुणचार आठवला. त्याने मोठ्या ऐटीत विचारलं, "आमच्या होडीत एक जागा आहे. येता का चक्कर मारायला?"

त्या माणसाने वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"कुठली होडी?"

नमस्कार.