झेंडूच्या वाटेने घरी येणारी माणसं

नमस्कार मंडळी! ऑक्टोबर संपत आला की कवटीसारखे रंगवलेले चेहरे आणि केसांत फुलं असे फोटो आपल्या मोबाईलवर यायला लागतात, आणि बऱ्याच जणांना वाटतं हे मेक्सिकोचं हॅलोविन असेल. तसं नाहीये हो. हॅलोविनला भुतं घाबरवायला येतात, इथे आपलीच गेलेली आजी जेवायला येते, त्यामुळे घाबरायचं कशाला, तिची वाटच बघायची असते. या सणाचं नाव दिआ दे मुएर्तोस, १ आणि २ नोव्हेंबरला असतो. पहिला दिवस लहानपणीच गेलेल्या लेकरांचा, दुसरा मोठ्यांचा.

सगळ्याचा जीव आहे तो घरातल्या मांडणीत, तिला ओफ्रेंदा म्हणतात. टेबलावर किंवा खोक्यांवर कापड घालून पायऱ्या करतात, वर फोटो, मेणबत्त्या, कोपाल नावाच्या डिंकाचा धूप. पेलाभर पाणी ठेवतात कारण लांबून चालत आलेल्याला तहान लागलेली असणार, आणि शेजारी मीठ. मग त्या माणसाच्या आवडीचं जे असेल ते, कुणाला मोले नावाचा मसालेदार रस्सा, कुणाला तामाले म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, आजोबांना मेस्काल ही तिकडची दारू आवडायची तर तीही, सिगारेट ओढत असतील तर सिगारेटचं पाकीटसुद्धा. मला हे फार आवडतं, कारण गेलेल्या माणसाला उगाच देवमाणूस करून टाकत नाहीत, तो होता तसाच त्याला बोलावतात. आणि हे सगळं मांडताना पोरं विचारतात की पणजोबांना तिखट चालायचं का, मग कुणीतरी सांगतं, एकातून दुसरी गोष्ट निघते, आणि ज्यांनी पणजोबांना बघितलंही नाही त्यांना ते माहीत होतात.

फुलं कुठली माहितीये? झेंडू! आपण दसऱ्याला दाराला बांधतो तोच, तिकडे त्याला सेम्पासूचिल म्हणतात. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, युरोपियन लोकांच्या जहाजांमधून जगभर फिरत आपल्याकडे आला. तिथे दारापासून ओफ्रेंदापर्यंत पाकळ्यांची वाट घालतात, रंग आणि वास ओळखून आत्म्याला घर सापडतं असं मानतात.

आता हे आलं कुठून, तर स्पॅनिश लोकांनी १५२१ मध्ये तिथे राज्य करणाऱ्या अॅझटेक लोकांची राजधानी जिंकली, पण मृतांना जेवू घालायची, त्यांच्यासाठी सण करायची रीत तिथल्या लोकांत आधीपासून होती. चर्चमध्येही १ नोव्हेंबर सगळ्या संतांचा आणि २ नोव्हेंबर मृतांचा दिवस असतो, त्यात ती मिसळून गेली. २ नोव्हेंबरला गोव्यात, वसईतही ख्रिस्ती कुटुंबं कबरी साफ करून मेणबत्त्या लावतात, कॅथलिक दिवस तोच, फक्त मेक्सिकोत त्याच्या खाली आणखी जुनं काहीतरी आहे.

या सणाच्या चित्रांत एक मोठी टोपी घातलेली सांगाड्याची बाई दिसते, कात्रिना, ती होसे ग्वादालूपे पोसादा या चित्रकाराची, त्याने नुसतं तिचं टोपीवालं कवटीचं डोकं काढलं होतं. १९१३ मध्ये तो गेला. पुढे दिएगो रिवेरा या चित्रकाराने १९४७ च्या भित्तिचित्रात तिला अख्खं अंग दिलं, भारी कपडे दिले. आणि मेक्सिको सिटीतली ती मोठी परेड तर २०१६ पासूनची, जेम्स बाँडच्या सिनेमात तशी मिरवणूक दाखवली होती, त्यानंतर शहराने खरीच सुरू केली. बघायला छान आहे, पण मला विचाराल तर सण गावांमध्ये आहे.

पात्स्क्वारो तलावातल्या हानित्सिओ बेटावर पुरेपेचा हे तिथले मूळ लोक रात्रभर कबरीपाशी मेणबत्त्या लावून बसतात. कांपेचे राज्यातल्या पोमुच गावात तर पुरल्यावर काही वर्षांनी अस्थी बाहेर काढून लाकडी पेटीत ठेवतात आणि दरवर्षी या सणाआधी घरचे लोक त्या स्वतःच्या हाताने, ब्रशने हळूहळू पुसतात, खालचं भरतकाम केलेलं कापड बदलून नवीन घालतात. ऐकून काही जणांच्या अंगावर काटा येईल, पण विचार करा ना, आईला न्हाऊ घालून नवी साडी नेसवावी तसंच आहे हे. दुःख नसतं असं समजू नका, लोक रडतात, गातात, आणि मग तिथेच बसून जेवतातही.

आणि ओकोतेपेक! क्वेर्नावाका शहराजवळचं गाव. ज्या घरातलं माणूस त्या वर्षात गेलंय ते घर सगळ्यांसाठी उघडं असतं, ओफ्रेंदावर त्या माणसाचे नवे कपडे मांडलेले असतात, अनोळखी माणूसही आत येऊ शकतो. तर मंडळी, कधी त्या दिवसांत तिकडे जायचा योग आला तर एक मेणबत्ती घेऊन जा, आत गेल्यावर ती घरच्यांच्या हातात द्या, फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, आणि ते तामाले आणि गरम काहीतरी प्यायला देतील तेव्हा नको म्हणू नका, बसून खा, आणि जो गेला तो कसा होता ते त्यांना विचारा.