‘तसेच’ येतं तिथे काय बिघडलेलं असतं?

(वाशी येथे अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

फळ्यावर एकच शब्द लिहिला आहे: ‘फ्लेमिंगो’. पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी लेख लिहायचा म्हटलं की नवी मुंबईतल्या मुलांना हा विषय हटकून सुचतो, आणि घोटाळा इथूनच सुरू होतो. कारण हा नुसता विषय आहे, प्रश्न नाही. विषय घेऊन बसलं की हाताला लागेल ते गोळा होतं: पक्ष्याची उंची, पिसांचा रंग, कच्छच्या रणातली मातीची घरटी. आठशे शब्द सहज भरतात. पण ‘तुला म्हणायचंय काय?’ असं कुणी विचारलं, तर लिहिणाऱ्यालाच सांगता येत नाही.

म्हणून आधी विषयाला प्रश्नचिन्ह लावा. ओहोटीला ठाणे खाडीचा चिखल उघडा पडतो आणि फ्लेमिंगो तिथे चरतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग भरती आल्यावर ते जातात कुठे? चिखल पाण्याखाली गेला की त्यांचे थवे अभयारण्याच्या हद्दीबाहेर, नेरूळ-सीवूड्सकडच्या उथळ पाणथळ जागांवर येऊन थांबतात. आता लेखाला कणा मिळाला. एका वाक्यात सांगायचं तर: ‘खाडीचं अभयारण्य टिकवायचं असेल, तर त्याच्या हद्दीबाहेरच्या पाणथळ जागाही टिकवाव्या लागतील.’ हे वाक्य लिहून टेबलासमोर चिकटवा. ‘पक्ष्यांचं रक्षण केलं पाहिजे’ याला कुणीच नाही म्हणणार नाही, म्हणून त्यावर लेख उभा राहत नाही. वरच्या वाक्यावर मात्र समोरचा लगेच ‘का?’ म्हणेल, आणि त्या ‘का’चं उत्तर म्हणजे तुमचा लेख.

आता टाचणं. वहीत सलग उतरवून घेऊ नका. पाठकोरे कागद कापून चिठ्ठ्या करा. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, आणि मागे ती कुठे मिळाली ते: पुस्तक आणि पान, किंवा बातमीची तारीख. उदाहरणार्थ, एका चिठ्ठीवर ‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य, २०१५’, दुसरीवर ‘क्षेत्र १६९० हेक्टर, पैकी ८९६ कांदळवन, ७९४ पाणी’, तिसरीवर ‘२०२२, रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) समावेश’. आठशे शब्दांना बारा-पंधरा चिठ्ठ्या पुरतात. त्यांचा फायदा असा, की टेबलावर पसरून क्रम बदलता येतो. वहीतल्या टाचणांचा क्रम हा तुमच्या वाचनाचा क्रम असतो, आणि तोच नकळत लेखात उतरतो.

स्वतः जाऊन पाहणार असाल, तर एक पथ्य पाळा. ‘सकाळी पक्षी दिसले’ ही नोंद फुकट आहे. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आजची सकाळ आणि पुढच्या आठवड्यातली सकाळ सारखी नसते. घड्याळाची वेळ आणि त्या वेळी भरती होती की ओहोटी, दोन्ही लिहा. एकदा ओहोटीला जा, एकदा भरतीला.

आराखडा अर्ध्या पानाचा असावा, जास्त नको. आठशे शब्दांसाठी सुरुवातीला सत्तर-ऐंशी शब्द, मग सुमारे दीडशेचे चार परिच्छेद, उरलेले शेवटाला. प्रत्येक परिच्छेदासाठी आराखड्यात पूर्ण वाक्य लिहा. ‘खाद्य’ असा शब्द लिहिलात तर परिच्छेद भरकटतो. ‘लहान जातीच्या (लेसर) फ्लेमिंगोचं खाद्य मुख्यतः सूक्ष्म शेवाळ, म्हणून त्याला उथळ पाणी आणि चिखलच लागतो’ असं लिहिलंत, तर निम्मा परिच्छेद झाला.

परिच्छेद फुलवायचा म्हणजे विशेषणं वाढवायची, हा समज फार पक्का बसलेला आहे. हे पाहा: ‘खाडीत अनेक फ्लेमिंगो येतात. ते अतिशय सुंदर दिसतात. त्यांचे संवर्धन ही काळाची गरज आहे.’ तीन वाक्यं झाली, हाती काही लागलं नाही. या प्रत्येक वाक्याला कधी, कुठे, कशामुळे आणि ‘मग काय?’ असं विचारत जा. मग ते असं होतं: ‘हिवाळ्याच्या सुरुवातीपासून फ्लेमिंगो खाडीत दिसू लागतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते चोच उलटी धरून पाणी गाळतात आणि त्यातलं शेवाळ खातात. भरतीचं पाणी चढलं की उभं राहायलाही जागा उरत नाही. जवळची पाणथळ जागा बुजवली, तर त्या काही तासांत थव्याला दुसरीकडे जावं लागेल.’ ‘सुंदर’ हा शब्द कुठेच आला नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही.

आता त्या ‘तसेच’कडे येऊ. कच्चा खर्डा झाला की लाल पेनने सगळ्या ‘तसेच’, ‘त्याचप्रमाणे’, ‘याशिवाय’भोवती गोल करा. तिथे दोन परिच्छेदांची अदलाबदल करून पाहा. काहीच बिघडलं नाही, तर तिथे सांधा नाही. नुसती थप्पी आहे. ‘म्हणून’, ‘पण’, ‘तरीही’ हे शब्द खोटे पडले तर लगेच पकडले जातात. ‘तसेच’ कधीच पकडलं जात नाही, म्हणून ते आळशाला आवडतं. मग समासात प्रत्येक परिच्छेद काय करतो ते पाच-सहा शब्दांत लिहा. एका परिच्छेदासाठी ‘आणि’ घालून दोन कामं लिहावी लागली, तर तो तोडा. काहीच लिहिता आलं नाही, तर तो काढून टाका, कितीही जीव जडला असला तरी.

प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहा. आधी लिहिली की ‘आजच्या विज्ञानयुगात’ येणारच, कारण पुढे काय आहे ते अजून तुम्हालाच माहीत नसतं. भरतीच्या वेळचं सीवूड्स दाखवून थेट सुरुवात करा.

परीक्षेत एवढी चैन नाही. पंचवीस मिनिटं असतील, तर पाच आराखड्याला, सतरा लिहायला, तीन वाचायला. ती पाच मिनिटं वाचवणारा बहुधा तिसऱ्या परिच्छेदाला अडतो आणि पहिलाच मुद्दा वेगळ्या शब्दांत पुन्हा लिहितो.

घरी लिहिलेला लेख मात्र एक रात्र तसाच ठेवा आणि सकाळी मोठ्याने वाचा. जिथे दम लागतो तिथे वाक्य मोडा. शेवटची फेरी फक्त आकड्यांची: प्रत्येक आकडा चिठ्ठीशी ताडून पाहा, आणि ८९६ अधिक ७९४ खरोखर १६९० होतात का, ते कागदावर बेरीज करून बघा.