कातालिनाची साक्ष

(दृश्य: ब्रुकलिन, वॉलाबाउटची खाडी. पलीकडे मॅनहॅटन.)

१७ ऑक्टोबर १६८८. या खाडीकाठच्या एका घरात एक म्हातारी साक्ष देते आहे. साक्ष उतरवून घ्यायला इंग्रज न्यायाधीश तिच्या घरी आला आहे. तिचं नाव कातालिना त्रिको, वय सुमारे ८३. इंग्रजांनी ही न्यू नेदरलँड वसाहत डचांकडून घेतली त्याला आता चोवीस वर्षं झाली आहेत. पहिल्या जहाजातून कोण आलं आणि कुठे उतरलं, हे सांगणारी माणसं फारशी उरलेली नाहीत.

कातालिना सांगते. जहाजाचं नाव एन्द्राख्त. मॅनहॅटनला पोचताच दोन कुटुंबं आणि सहा पुरुष कनेटिकट नदीकडे गेले, दोन कुटुंबं आणि आठ पुरुष डेलावेअर नदीकडे. ताबा घ्यायला आठ जण मॅनहॅटनलाच राहिले. बाकीचे हडसन नदीने वर, जिथे आज ऑल्बनी आहे तिथे, फोर्ट ऑरेंजला गेले. तिथे झाडाच्या सालीच्या झोपड्या बांधल्या. आसपासचे मूळ रहिवासी बीव्हरची कातडी घेऊन तहाला आले. तिथे काढलेल्या तीन वर्षांत ते कोकरासारखे शांत होते, असं ती म्हणते.

साल मात्र ती १६२३ सांगते आणि जन्मगाव लिहिलं गेलंय पॅरिस.

(दृश्य: ॲमस्टरडॅमच्या विवाहनोंदी, पान जवळून)

इथे ॲमस्टरडॅमची नोंदवही कामी येते. जानेवारी १६२४. वर जोरिस रापाल्ये, वय १९, विणकर, गाव व्हॅलेन्सिएन. वधू कातालिना, वय १८, सोबत बहीण. दोघांनाही लिहिता येत नव्हतं, म्हणून सहीच्या जागी खुणा आहेत. आणि वधूचं गाव पॅरिस नव्हे, प्रिश. आज फ्रान्सच्या उत्तर टोकाला असलेलं एक खेडं. इंग्रज कारकुनाच्या कानाला ते पॅरिस वाटलं असावं. २१ जानेवारीला वालून चर्चमध्ये लग्न लागलं आणि चारच दिवसांनी जोडपं जहाजावर चढलं. म्हणजे साल १६२४. चौसष्ट वर्षांनंतर एका वर्षाची चूक, इतकंच.

हे जोडपं मुळात डच नव्हतंच. दोघंही फ्रेंच बोलणारे वालून. नेणारी कंपनी मात्र डच, १६२१ साली स्थापन झालेली, पश्चिमेकडच्या व्यापारासाठी. वेंगुर्ल्याला वखार घालणारी ती वेगळी, पूर्वेकडची.

(दृश्य: एकोणिसाव्या शतकातला छापील वंशवृक्ष)

वंशजांना हे विणकराचं मूळ पुढे पचलं नाही. एकोणिसाव्या शतकात छापलेल्या वंशावळ्यांत जोरिसचा एक पूर्वज उगवला: गास्पार, फ्रेंच लष्करातला मोठा अधिकारी, धर्मासाठी देशोधडीला लागलेला. मधल्या पिढीत अँटवर्पचा नामांकित चित्रकारही बसवला. झाड देखणं झालं, पण पुरावा कुठेच नाही. विसाव्या शतकात संशोधकांनी मूळ नोंदी उघडल्या आणि गास्पार गळून पडला.

खरा शोध घ्यायचा तर अडचण आडनावाची. जोरिस यान्सेन, म्हणजे यानचा मुलगा जोरिस. त्याची मुलगी सारा कागदावर येते ती सारा जोरिस म्हणून. वडिलांचं नाव जोडायची ही रीत आपल्याला नवी नाही. फरक इतकाच की डच वसाहतीत बऱ्याच जणांचं नाव तिथेच संपायचं. रापाल्ये हे आडनाव शोधत बसलं तर अर्धं घर सापडत नाही. मग बाप्तिस्म्याचे साक्षीदार बघायचे. न्यू ॲमस्टरडॅमच्या, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कच्या, चर्चच्या नोंदी १६३९पासून आहेत आणि बाळाच्या नावापुढे साक्षीदार म्हणून बहुधा मावशी, काका, आजी उभे असतात. डच बायका लग्नानंतरही माहेरचं नाव लावायच्या, त्यामुळे बायकांच्या नावांवरून घरं जुळतात. पुरुषांच्या ओळीने जाणाऱ्या वंशावळ्यांनी हीच वाट सोडून दिली होती.

(दृश्य: ऑल्बनीचं अभिलेखागार. कडा जळालेली पानं.)

ही पानं १९११च्या आगीतली. ऑल्बनीचं राज्य ग्रंथालय पेटलं तेव्हा डच कागद खालच्या फळ्यांवर होते. वरचे इंग्रजी कागद त्यांच्यावर कोसळले, ते जळाले, आणि खालचे बरेचसे वाचले. १९७४पासून चार्ल्स गेहरिंग या डच कागदपत्रांचं भाषांतर करत आले आहेत.

वसाहतीच्या या कागदांत १६५६ सालचा एक अर्ज आहे. अर्जदार सारा, जोरिस आणि कातालिनाची थोरली. जन्म ९ जून १६२५, फोर्ट ऑरेंज. नवरा वारलेला, पदरात सात मुलं. वॉलाबाउटला वीस मॉर्गन (जुनं डच जमीनमाप) जमीन आहे, पण गुरांना कुरण हवं. स्वतःची ओळख ती अशी देते: न्यू नेदरलँडमध्ये जन्मलेली पहिली ख्रिस्ती मुलगी. कुरण मागताना हा मान पुढे करावा, हे तिला बरोबर सुचलं.

(दृश्य: न्यूयॉर्क शहराचं संग्रहालय. साराची म्हणून ओळखली जाणारी खुर्ची. कॅमेरा थांबतो.)

१६८० साली यास्पर डांकार्ट्स नावाचा धर्मनिष्ठ प्रवासी कातालिनाला भेटला. तिची मुलं-नातवंडं-पतवंडं त्याने मोजली: १४५. म्हातारीचा जीव फार संसारात गुंतलाय, अशी त्याची तक्रार. तरी ती एकटीच राहत होती, जरा बाजूला, स्वतःच्या छोट्या बागेसह.

(दृश्य: पुन्हा वॉलाबाउट. गोदीचे क्रेन.)

१६३७ साली जोरिसने इथली सुमारे ३३५ एकर जमीन लेनापे या मूळ रहिवाशांकडून घेतली. लेनापे पुढे इथून हटत गेले. ब्रुकलिनच्या या परगण्यातल्या डच शेतांवर गुलाम राबत होते. १७९०च्या जनगणनेत इथली साधारण एक तृतीयांश माणसं गुलाम होती, आणि न्यूयॉर्कमध्ये गुलामगिरी संपायला १८२७ उजाडलं. जोरिसची शेतं होती तिथे १८०१ साली नौदलाची गोदी आली. जोरिस आणि कातालिनाचे वंशज आज दहा लाखांच्या घरात असावेत, असा अंदाज आहे. त्यांतल्या बहुतेकांचं आडनाव रापाल्ये नाही.