दोन म्हातारे बाप आणि अकिलीसचा राग

श्रोतेहो, नमस्कार.

ग्रीक आणि ट्रॉय नगर यांच्यातलं ट्रॉयचं युद्ध म्हटलं की आपल्याला लाकडी घोडा आठवतो. पण होमरच्या ‘इलियड’मध्ये तो घोडा येतच नाही. ट्रॉय पडल्याचं वर्णन नाही, ग्रीकांचा सर्वांत मोठा योद्धा अकिलीस, त्याच्या टाचेत घुसणारा बाणही नाही. युद्धाच्या दहाव्या वर्षातले पन्नासेक दिवस, एवढाच या महाकाव्याचा काळ. २४ सर्ग, साडेपंधरा हजारांहून अधिक ओळी, आणि पहिल्याच ओळीत कवी विषय सांगून मोकळा होतो: अकिलीसचा राग.

हा राग समजून घ्यायचा तर काव्यातल्या दोन म्हाताऱ्या बापांकडे बघावं, असं मला वाटतं. एक अगदी सुरुवातीला येतो, दुसरा अगदी शेवटी. दोघंही शत्रूच्या छावणीत येतात आणि भरपूर मोबदला देऊन आपलं लेकरू परत मागतात.

पहिला क्रायसीस, अपोलो देवाचा पुजारी. त्याची मुलगी ग्रीकांनी पळवून आणलेली असते. म्हाताऱ्याचा मान राखा, मुलगी देऊन टाका, असं सगळं सैन्य म्हणतं. सेनापती अगामेम्नॉन मात्र त्याला हाकलून देतो. तुझी मुलगी माझ्या घरी, मागावर विणत म्हातारी होईल, असं बापाच्या तोंडावर सांगतो. तो पुजारी काही न बोलता समुद्राच्या काठाने चालू लागतो. मग अपोलोचा कोप होतो आणि नऊ दिवस छावणीत मरणाची साथ चालते. शेवटी अगामेम्नॉनला मुलगी परत करावी लागते, पण तिच्या बदल्यात तो लुटीत अकिलीसच्या वाट्याला आलेली बंदिवान स्त्री ब्रिसेइस हिसकावून घेतो. अकिलीस लढाईतून अंग काढून घेतो ते यामुळे. पुढचा सगळा रक्तपात एका बापाला दिलेल्या नकारातून सुरू झालेला आहे.

नवव्या सर्गात अगामेम्नॉन नमतो. सोनं, घोडे, सात नगरं, शिवाय ब्रिसेइसही परत, असा निरोप जातो. अकिलीस नाही म्हणतो. हा निव्वळ हट्ट आहे, असं पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही. गुरंढोरं लुटून आणता येतात, घोडे मिळवता येतात, पण माणसाचा एकदा गेलेला जीव लुटूनही परत येत नाही, असं तो तिथे बोलतो. योद्ध्यांच्या जगात सगळ्या गोष्टींचा हिशेब लुटीच्या वाट्यात होतो, आणि त्या हिशेबावरच त्याने बोट ठेवलेलं आहे.

पुढे तोच अकिलीस माणुसकी सोडतो. त्याचा जिवलग पॅट्रोक्लस ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या हातून मारला जातो. अकिलीस बदला घेतो तेव्हा मरणोन्मुख हेक्टर विनवतो, माझा देह आईबापांना दे. अकिलीस म्हणतो, तुझ्या भारंभार सोनं तोलून दिलं तरी देणार नाही. मग तो हेक्टरच्या घोट्यांना भोकं पाडून देह रथामागून फरपटत नेतो. इकडे घरात हेक्टरची बायको अँड्रोमाकी विणत बसलेली असते. नवरा लढून येईल, त्याला अंघोळीला पाणी हवं, म्हणून तिने नुकतंच दासींना पाणी तापत ठेवायला सांगितलेलं असतं. तेवढ्यात तटावरून आक्रोश ऐकू येतो आणि तिच्या हातातला धोटा खाली पडतो. हेक्टर आपल्या ग्रीक श्रोत्यांच्या शत्रुपक्षातला आहे हे होमरला पक्कं ठाऊक आहे, तरी तो आपल्याला त्याच्या घरात नेऊन बसवतो.

आता दुसरा बाप, हेक्टरचा पिता, ट्रॉयचा राजा प्रायम. रात्री, हेर्मीस देवाच्या सोबतीने तो शत्रूच्या छावणीत शिरतो. अकिलीसचे गुडघे धरतो आणि ज्या हातांनी त्याचे कितीतरी मुलगे मारले त्या हातांचं चुंबन घेतो. म्हणतो, तुझ्या वडिलांची आठवण कर. तेही माझ्यासारखेच म्हातारे आहेत. अकिलीसला कळून चुकलेलं आहे की तो इथेच मरणार आणि त्याचे वडीलही त्याची वाट बघतच राहणार. दोघं रडतात. एक हेक्टरसाठी, दुसरा कधी वडिलांसाठी, कधी पॅट्रोक्लससाठी.

इथे अकिलीस एकदम साधुपुरुष झाला असं होमर दाखवत नाही, आणि मला त्याचं मोठेपण इथेच दिसतं. प्रायम घाईने देह मागतो तेव्हा अकिलीस गुरकावतो, म्हाताऱ्या, मला डिवचू नकोस. राग आत तसाच आहे. फरक एवढाच की आता त्याला तो ओळखता येतो. हेक्टरचा देह धुऊन काढा, पण प्रायमच्या नजरेआड, असं तो दासींना बजावतो. मुलाला बघून बापाचा संताप उसळला तर मीच भडकून याला मारून टाकीन, ही भीती त्याला स्वतःबद्दल वाटते. प्रायमने आणलेल्या वस्त्रांतून दोन झगे आणि एक अंगरखा तो बाजूला ठेवतो, ते हेक्टरच्या देहावर पांघरायला. देह उचलून तिरडीवर ठेवतो तोही स्वतः. मग पाहुण्याला जेवायला घालतो. मुलगा गेल्यापासून प्रायमच्या पोटात अन्नाचा कण नसतो.

उत्तरक्रियेला किती दिवस हवेत, असं अकिलीस विचारतो. प्रायम ११ दिवस मागतो. बाराव्या दिवशी, लढावंच लागलं तर लढू, म्हणतो. अकिलीस शब्द देतो आणि म्हाताऱ्याला भीती वाटू नये म्हणून त्याचं मनगट धरतो.

अकिलीसच्या रागाने सुरू झालेलं काव्य हेक्टरच्या अंत्यसंस्कारावर थांबतं. शेवटची ओळसुद्धा हेक्टरचीच आहे. ‘इलियड’ हाती घेणाऱ्यांना माझी विनंती आहे: जहाजांची लांबलचक यादी असलेल्या दुसऱ्या सर्गात अडकून पुस्तक मिटू नका. पहिला सर्ग वाचा, मग सरळ चोविसावा. हे दोन बाप भेटले की मधले सर्ग वाचावेसे वाटतील. नमस्कार.